पाहुण्याचं पाणी

भोपाळच्या पिपलानीतल्या क्वार्टर्समधल्या लोकांनी एकतीस वर्षं मनोहर उमाळकरांच्या हातचं पाणी प्यायलं, आणि त्यांतल्या फार थोड्यांना त्यांचं नाव माहीत होतं. नळ सोडला की पाणी येतं, एवढंच लोकांना ठाऊक असतं. ते कुणी गाळलं, त्यात तुरटी किती पडली, क्लोरीन किती सोडला, हे विचारायला कोण जातं? मनोहररावांना त्याचं वाईट वाटत नसे. पाण्याबद्दल कुणी काहीच बोललं नाही, म्हणजे आपलं काम नीट झालं, असा त्यांचा हिशेब होता.

ते मूळचे अमरावतीकडचे. कारखान्याच्या वसाहतीला पाणी पुरवणारा जो फिल्टर प्लांट आहे, त्यात हेल्पर म्हणून लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. तिथल्या माणसांत त्यांचं नाव होतं ते त्यांच्या नजरेमुळे. पाण्यात क्लोरीन किती उरलाय हे पाहायची एक सोपी रीत आहे. काचेच्या बारीक नळीत पाणी घ्यायचं आणि त्यात औषधाचे चार थेंब टाकायचे. क्लोरीन असला की पाणी पिवळं होतं. जितका जास्त, तितकं गडद. मग रंगीत काचांची एक चकती असते, तिच्याशी ते पिवळेपण ताडून आकडा काढायचा. मनोहररावांनी ती चकती फार वर्षांपूर्वीच बाजूला ठेवून दिली होती. नळी खिडकीकडे धरायची, एक डोळा जरा बारीक करायचा आणि आकडा सांगायचा. नवीन लागलेली मुलं त्यांची पाठ वळली की चकती लावून बघत. आकडा तोच निघे.

निरोपसमारंभात त्यांना शाल आणि घड्याळ मिळालं. त्यांनी मात्र साहेबांना भीत भीत विचारून तपासणीची जुनी लाकडी पेटी मागून घेतली. वसाहतीत निवृत्त लोकांना भाडं भरून क्वार्टरमध्ये राहू देतात, तसं त्यांनी क्वार्टरही ठेवलं. बायको, सुमित्राबाई, म्हणायच्या, "बाकीच्यांनी अवधपुरीत घरं बांधली. आमच्या यांना टाकीपासून लांब झोप लागत नाही."

मुलगी एकच, स्वरदा. ती लग्न करून पुण्याला गेली आणि सहा वर्षांनी एका दुपारी दोन बॅगा घेऊन परत आली. का आली ते तिनं सांगितलं नाही. दोन वर्षांपूर्वी तिला दिवस गेले होते आणि पाचव्या महिन्यात ते राहिलं नाही, एवढं घरात माहीत होतं. त्यानंतर तिकडे काय बोलणं झालं, कुणी कुणाला काय म्हटलं, हे कळायला काही मार्ग नव्हता. सुमित्राबाईंनी एकदा विचारून पाहिलं तर ती म्हणाली, "आई, मी आलेय ना? मग झालं." मनोहररावांना तर विचारायचं कसं हेच कळत नव्हतं. ते तिला "जेवलीस का?" एवढंच विचारत आणि ती "हो बाबा" म्हणे. पुढं तिला मंडीदीपच्या एका औषधांच्या कारखान्यात, तपासणीच्या लॅबमध्ये नोकरी लागली. सकाळी कंपनीच्या बसनं जायची, संध्याकाळी येऊन आपल्या खोलीचं दार लावून घ्यायची. दोघं म्हातारे टीव्हीचा आवाज बारीक करून बसून राहायचे.

एका रविवारी ती फोनमध्ये काहीतरी बघत होती आणि तिच्या तोंडावर हसू होतं. मनोहरराव चहाचा कप घेऊन तिथेच थबकले.

"काय गं ते?"

"ॲक्सोलॉटल म्हणतात याला," तिनं फोन त्यांच्यापुढे धरला. पाण्यातल्या सरड्यासारखं काहीतरी होतं. चार इवले पाय, रुंद डोकं, मानेशी दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले, आणि ओठांची ठेवण अशी की जनावर सदा हसतंय असं वाटावं. "मेक्सिकोचा आहे. पांढरे, काळे सगळीकडे मिळतात. पण हा लॅव्हेंडर, फिकट जांभळा. क्वचितच मिळतो."

"तुला पाहिजे का?"

तिनं फोन खाली ठेवला. मग म्हणाली, "याला थंड पाणी लागतं, बाबा. भोपाळचा उन्हाळा कुठे, हा कुठे. आणि पाण्यात जराही क्लोरीन चालत नाही. कातडीतून, कल्ल्यांतून सगळं आत जातं."

"क्लोरीनचं माझ्यावर सोड," मनोहरराव म्हणाले. इतक्या महिन्यांत मुलीसाठी करता येण्यासारखं काहीतरी त्यांना पहिल्यांदाच सापडलं होतं.

जवाहर चौकात माशांच्या टाक्यांचं एक दुकान आहे. तिथल्या दुकानदारानं, जितेंद्रनं, दोन महिने शोध करून बंगळुरूच्या एका पाळणाऱ्याकडून तसला एक मिळवला. तो थर्माकोलच्या खोक्यात, बर्फाच्या पिशव्यांमध्ये बसून आला. कागदपत्रं, सरकारी नोंदणी, सगळं स्वरदानं स्वतः केलं. डिसेंबरात एका संध्याकाळी बापलेक स्कूटरवरून त्याला आणायला गेले. दुकानात तीन काचेच्या टाक्या शेजारी शेजारी होत्या. एकीत पांढरा, एकीत काळा, आणि तिसरीत एक वीतभर लांबीचा राखाडी प्राणी, अंगावर बारीक ठिपके असलेला.

"ये देखिए अंकल, क्या कलर है," जितेंद्र म्हणाला. "पूरे भोपाल में दूसरा नहीं मिलेगा."

मनोहररावांनी वाकून पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. त्यांना तो राखाडीच दिसला, ओल्या सिमेंटसारखा. यानं आपल्याला फसवलं, असं त्यांच्या मनात आलं. ते बोलणार तेवढ्यात त्यांची नजर स्वरदाकडे गेली. ती काचेला नाक लावून उभी होती, लहानपणी जत्रेत उभी राहायची तशी.

"बाबा, कसला आहे बघा," ती म्हणाली.

"छान आहे," मनोहरराव म्हणाले.

निघताना जितेंद्रनं एक छोटी बाटली पुढे केली. "अंकल, ये दवा रखिए. नल के पानी में दो बूँद, क्लोरीन खतम."

"बेटा, क्लोरीन डालने का काम इकतीस साल किया है," मनोहरराव हसून म्हणाले. "निकालना भी आता है." बाटली तिथेच राहिली.

घरी सुमित्राबाईंनी टाकीत पाहिलं आणि त्या काचेशी वाकल्या. मग म्हणाल्या, "अगं बाई, गोकर्णाचं फूल दुधात चुरडावं तसा रंग आहे गं हा." मनोहरराव पलीकडे उभे होते. मग हा रंग खरंच आहे तर, त्यांना वाटलं. आजकालच्या मुलांना आणि बायकांना रंगातलं जास्त कळतं. निवृत्तीच्या सुमाराला डॉक्टरांनी मोतीबिंदू धरतोय म्हणून सांगितलं होतं, पण घरी त्यांनी "नंबर बदललाय" एवढंच सांगितलं होतं. ऑपरेशनची त्यांना भीती वाटे. आणि पेपर तर वाचता येत होता. मोतीबिंदूत बारीक अक्षर जातं, हे त्यांना माहीत होतं. त्यात रंगही जातात, अगदी हळूहळू, आपल्याला पत्ता न लागता जातात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पुढं शेजारपाजारचं कुणी बघायला आलं की ते सुमित्राबाईंचंच वाक्य म्हणून दाखवत. "गोकर्णाचं फूल दुधात चुरडावं तसा आहे की नाही?" लोक माना डोलवत.

स्वरदानं त्याला नाव ठेवलं नाही. सुमित्राबाईच त्याला "पाहुणे" म्हणू लागल्या आणि तेच पडलं. त्याला गांडुळं लागत. ती नारळाच्या भुशात, झाकणाच्या डब्यात, मागच्या अंगणात असायची, कारण उमाळकरांच्या स्वयंपाकघरात कधी अंडंही आलेलं नव्हतं.

"आज एकादशी," सुमित्राबाई म्हणायच्या. "पाहुण्यांना भगर चालेल का विचार."

"आई, त्याला दिवसाआडच लागतं. आज त्याचाही उपासच आहे."

"मग बरा आहे. तुझ्या बाबांपेक्षा धार्मिक आहे."

पाण्याचं काम मनोहररावांचं. सकाळी नळाला पाणी आलं की ते मागच्या अंगणात दोन ड्रम भरत, दिवसभर उन्हात उघडे ठेवत, म्हणजे क्लोरीन उडून जाई. दुसऱ्या दिवशी पेटी उघडून नळीत थेंब टाकत आणि ती उजेडाकडे धरत. स्वरदा कामावर जायच्या घाईत असली तरी तेवढ्यापुरती दारात थांबे.

"काय म्हणतंय पाणी?"

"निर्मळ आहे. घाल."

ती एकदा म्हणाली, "आमच्या लॅबमध्ये यालाच लाखांचं मशीन आहे, बाबा. आणि तुम्ही नुसतं बघून सांगता."

हे ऐकून मनोहररावांना दिवसभर काही गोड खाल्ल्यासारखं वाटत राहिलं.

उन्हाळा कठीण गेला. मे महिन्यात बाहेर चव्वेचाळीस, आणि पाहुण्यांना अठराच्या वर चालेना. स्वरदाच्या खोलीत एसी बसवला, टाकीवर छोटा पंखा लावला, आणि फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून त्या पाळीपाळीनं टाकीत सोडायच्या, असं सुरू झालं. सुमित्राबाईंचे हिरवे वाटाणे, आमरस, सगळं फ्रीजरमधून हद्दपार झालं. लाइट गेली की तिघं एकदम उठत. एक जण बाटली आणायला पळे, एक जण ओला टॉवेल काचेवर टाके, एक जण वारा घाले. त्या धावपळीत स्वरदा कधी कधी मोठ्यानं हसे. पाणी किती अंशांवर आहे, यावरून सुरू झालेलं बोलणं कधी लॅबमधल्या बाईंच्या खडूसपणावर जाई, कधी तिच्या शाळेच्या दिवसांवर. पुण्याचा विषय निघत नसे. पण दार उघडं असे. मनोहररावांना तेवढं पुष्कळ होतं.

जून सरला, पाऊस लागला, आणि तिघांचाही जीव भांड्यात पडला. अवघड ते झालं, आता काही काळजी नाही, असं त्यांनी धरलं.

ऑगस्टमध्ये वसाहतीत डेंग्यूची साथ आली. तपासणीची माणसं घरोघरी फिरून साठवलेलं पाणी बघू लागली. मनोहररावांचे उघडे ड्रम पाहून त्यांनी समज दिली. मनोहरराव नियमाचा माणूस. त्यांनी दोन्ही ड्रमना घट्ट झाकणं बसवली. आठ दिवस ऊनही नव्हतं. आणि पावसाळ्यात गढूळ पाणी येतं म्हणून फिल्टर प्लांटवर या दिवसांत क्लोरीनचा डोस वाढवतात. हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? पण तपासणी तर आपण रोज करतोच, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

त्याच आठवड्यात स्वरदा कंपनीच्या कामासाठी तीन दिवस अहमदाबादला गेली. जाताना घाईघाईत तिनं टाकीत जास्तीची दोन गांडुळं टाकली, तीन दिवस बाबांना हात लावायला नको म्हणून. दुसऱ्या दिवशी मनोहररावांना त्यातलं एक कोपऱ्यात मेलेलं दिसलं. पाणी धुरकटलं होतं. त्यांनी घाण काढली, अर्ध्याहून अधिक पाणी उपसलं आणि ड्रममधलं भरायला घेतलं. त्याआधी नेहमीप्रमाणे नळी भरली, थेंब टाकले, खिडकीकडे धरली. निर्मळ होतं.

"अहो, या पाण्याला दवाखान्याचा वास येतोय," सुमित्राबाई मागून म्हणाल्या.

"तुला सगळ्यालाच दवाखान्याचा वास येतो."

क्लोरीनच्या खोलीत जन्म काढलेल्या त्यांच्या नाकाला त्या वासाचं काही वाटेनासं होऊन फार दिवस झाले होते.

संध्याकाळी पाहुणा टाकीत वेड्यासारखा वर-खाली करू लागला. दुसऱ्या सकाळी तो एका अंगावर कलून तरंगत होता आणि त्याच्या मानेजवळची पिसं आखडून दोऱ्यांएवढी झाली होती. मनोहररावांनी घाबरून आणखी पाणी बदललं, त्याच ड्रममधलं. स्वरदा दुपारी स्टेशनवरून आली ती तशीच टाकीपाशी गेली. तिनं त्याला ओंजळीत धरलं. त्यानं एकदा तोंड उघडलं, मिटलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "गेला."

मागच्या अंगणात तगरीच्या झाडाखाली तिनं स्वतः खड्डा केला. पाऊस भुरभुरत होता. सुमित्राबाई छत्री धरून उभ्या होत्या.

"मी जास्तीचं खाणं टाकलं," स्वरदा म्हणाली. "तीन दिवसांच्या कामासाठी एवढी घाई केली मी. त्यानंच सडलं ना पाणी, बाबा?"

मनोहररावांना तेव्हा खरंच तसं वाटत होतं. "जास्तीचं पडलं की होतं असं," ते म्हणाले. "तू तरी काय करणार. होतं असं." त्यांना तिचं सांत्वन करायचं होतं.

त्या रात्री तिच्या खोलीचं दार बंद झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर निघताना मनोहररावांना स्वयंपाकघरातलं बोलणं ऐकू आलं. सुमित्राबाई काहीतरी समजावत होत्या आणि स्वरदा शांतपणे, हिशेब सांगावा तशी म्हणत होती, "नाही आई. आता मला कळलंय. माझ्या हातून काही जगतच नाही. तिकडेही सासूबाई तेच म्हणाल्या होत्या. त्या वेळी मला राग आला होता."

मनोहरराव चपला न घालताच फाटकापर्यंत गेले.

त्याच संध्याकाळी दत्तू घोडमारे आला. हा सौंसरकडचा मुलगा, मुलगा कसला, आता पंचेचाळिशीचा झालेला, मनोहररावांच्या हाताखाली बारा वर्षं होता आणि आता त्यांच्याच जागेवर होता. तो अधूनमधून येऊन तपासणीच्या औषधाची ताजी बाटली देऊन जाई.

"आता काय करायचीय," मनोहरराव म्हणाले. "पाहुणा गेला आमचा."

दत्तू हळहळला. चहा होईपर्यंत काय बोलावं हे न सुचून तो म्हणाला, "आणलंच आहे तर बघून घ्या साहेब, औषध चांगलं आहे का ते. मागची बाटली खराब निघाली होती आमच्याकडे."

मनोहररावांनी ड्रमचं झाकण काढलं, नळी भरली, थेंब टाकले. सवयीनं खिडकीकडे धरली, एक डोळा बारीक केला.

"औषध बिघडलंय का काय कोण जाणे, पण पाणी निर्मळ आहे. बघ."

दत्तूनं नळी हातात घेतली आणि ती उजेडाकडे पुन्हा पुन्हा धरून पाहिली. मनोहररावांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"काय झालं?"

"साहेब, चकती कुठाय?"

"चकती कशाला?"

"असू द्या. द्या तर."

पेटीच्या तळाशी, कापडात गुंडाळलेली चकती सापडली. दत्तूनं नळी तिच्याशेजारी लावली, फिरवून फिरवून एका काचेपाशी थांबला आणि ती त्यांच्यापुढे धरली. मनोहररावांना दोन्हीकडे सारखंच दिसत होतं. पाण्यासारखं पाणी. पण काचेखाली आकडा होता, तो त्यांनी वाचला. इतक्या क्लोरीनच्या पाण्यात मासाही टिकत नाही.

"पिवळं आहे?" त्यांनी विचारलं.

"लिंबूसरबतासारखं आहे, साहेब."

मनोहरराव खाटेवर बसले. दत्तू उभाच होता. चहा आला, कप हातात आले, सुमित्राबाई आत गेल्या.

"तुला आश्चर्य वाटलेलं दिसत नाही," शेवटी मनोहरराव म्हणाले.

दत्तूनं कप खाली ठेवला. "साहेब, आता काय सांगू. जाऊ द्या ना."

"दत्तू, सांग."

"तुमचं शेवटचं वर्ष, दीड वर्ष. तुम्ही नळी बघून म्हणायचे, कमी आहे, वाढव. तुमच्यासमोर आम्ही वाढवायचो. तुम्ही केबिनमध्ये गेले की चकती लावून पुन्हा कमी करायचो." तो जमिनीकडे बघत बोलत होता. "एक-दोनदा राहून गेलं, तेव्हा वास येतो म्हणून लोकांचे फोन आले. तुम्ही त्यांच्यावरच रागावले होते. पण ते तेवढंच. कुणाला त्रास नाही झाला, साहेब. आम्ही होतो ना."

"तुम्ही सगळे?"

"तिन्ही शिफ्टवाले."

"आणि मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्हाला कोण सांगणार? सगळ्यांना नळी धरायला तुम्हीच शिकवलं."

दत्तू गेल्यावर मनोहरराव अंधार पडेपर्यंत तिथेच बसले. निरोपसमारंभात कुणीतरी भाषणात "उमाळकर साहेबांची नजर" म्हटलं होतं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत ते तिन्ही शिफ्टवाले होते. त्यांच्या मनात काय आलं असेल? हसले नव्हते ते. तसं असतं तर सोपं गेलं असतं.

मग ते विचार मागे पडले आणि सकाळचं स्वरदाचं वाक्य पुढे आलं.

खरं सांगायला हवं होतं, यात त्यांना शंका नव्हती. पण दोन दिवस गेले आणि ते बोलले नाहीत. दत्तू कुणाला सांगणार नव्हता. स्वरदाला संशयही आला नव्हता. पाणी बाबांच्या हातचं, म्हणजे त्यात चूक नाही, हे ती धरूनच चालली होती. घरात आणि वसाहतीत त्यांच्याजवळ अभिमान वाटावा असं एवढंच काय ते होतं. ते तिच्यासमोर काढून ठेवायचं, म्हणजे मग उरतं काय? एक म्हातारा, ज्याची चूक हाताखालची माणसं झाकत राहिली, आणि ज्यानं मुलीचं जनावर मारलं. जेवताना ते तिच्याकडे बघत. ती दोन घास खाऊन उठे. शनिवारी तिनं आईला सांगितलं की मंडीदीपला कंपनीच्या मुलींच्या हॉस्टेलमध्ये एक जागा आहे, रोजचा प्रवास वाचेल, पहिल्या तारखेपासून तिकडेच राहीन म्हणते. सुमित्राबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते वरणात भात कालवत राहिले.

रविवारी सकाळी पाऊस थांबला होता. स्वरदा मागच्या नळाशी टाकी धुवायला बसली होती. धुऊन ती जितेंद्रला परत करायची होती. मनोहरराव पेटी आणि चकती घेऊन बाहेर आले आणि तिच्यासमोर पायरीवर बसले. त्यांनी नळाचंच पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले आणि ती तिच्या हातात दिली.

"कशी दिसते?"

"पिवळी," ती म्हणाली. "नळाचं आहे ना हे?"

"मला पांढरी दिसते."

तिला कळलं नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले होते ते, झाकलेले ड्रम, आईला आलेला वास, त्या दिवशी बदललेलं पाणी, दुसऱ्या दिवशी पुन्हा बदललेलं पाणी. दत्तूनं सांगितलेलंही सांगितलं. ते सांगताना त्यांना मध्ये थांबावं लागलं. बोलण्याची त्यांना मुळातच सवय नव्हती, वाक्यं पुढंमागं होत होती. स्वरदा नळी हातात धरून ऐकत होती. नळ तसाच वाहत होता, तो बंद करायचं दोघांनाही सुचलं नाही.

"गांडुळानं काही झालं नव्हतं," शेवटी ते म्हणाले. "ते मी काढलं होतं. तो पाण्यानं गेला. माझ्या."

तिनं नळीतलं पाणी ओतून टाकलं. मग तिनं विचारलं, "दुकानात तुम्ही त्याला बघितलं, तेव्हा कसा दिसला होता?"

"राखाडी."

"आणि नंतर?"

"राखाडीच."

"आठ महिने?"

मनोहररावांनी मान हलवली.

"सांगायचं ना, बाबा," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, आणि तो त्यांना रास्त वाटला. "मला सांगायचं ना. मी रोज दारात उभं राहून विचारत होते तुम्हाला. मी दोन थेंब औषध टाकलं असतं. पाच सेकंदांचं काम होतं."

"हो."

"तो किती तडफडला असेल."

"हो."

ती उठून दोन पावलं गेली, तगरीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. ती परत आल्यापासून घरात कुणी तिला रडताना पाहिलं नव्हतं. सुमित्राबाई दारापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. मनोहररावांना उठून तिच्याजवळ जावंसं वाटत होतं, पण आपण जवळ गेलेलं तिला आत्ता चालेल की नाही, हे त्यांना ठरवता येईना. म्हणून ते पायरीवर बसून राहिले.

थोड्या वेळानं तिनं पदरानं तोंड पुसावं तसं ओढणीनं पुसलं आणि मागे न वळताच विचारलं, "म्हणजे मी जे केलं, त्यानं नाही?"

"नाही."

"नक्की? का मला बरं वाटावं म्हणून सांगताय?"

"बरं वाटावं म्हणून सांगायचं असतं, तर दत्तूनं सांगितलेलं तुला कशाला सांगितलं असतं," मनोहरराव म्हणाले. "चकतीवर आकडा आहे. दत्तूला विचार. तुझं त्यात काही नव्हतं."

ती वळली. डोळे लाल झाले होते. ती त्यांच्याकडे अशी बघत होती की ही आता फक्त त्या जनावराबद्दल विचारत नाही, हे त्यांनाही समजलं. एरवी त्यांना अशा गोष्टी समजायला वेळ लागे.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.

"तुझं काही चुकलं नव्हतं, स्वरदा," ते म्हणाले. मग त्यांना वाटलं, नळाच्या आवाजात तिला नीट ऐकू गेलं नसेल. त्यांनी हात लांब करून नळ बंद केला आणि पुन्हा म्हणाले.